स्वस्तातली फॅट बाईक घेताना पैसे कुठे घालायचे

चार इंची टायर, पुढे-मागे सस्पेन्शन, २१ गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत बारा-तेरा हजार. ऑनलाइन दुकानांत फॅट बाईकची जाहिरात साधारण अशीच असते. यातल्या टायरमुळे ती फॅट बाईक ठरते. बाकीचं बरंचसं सामान एवढ्या पैशांत फोटोपुरतं बसवलेलं असतं. हात आखडता घेऊन खरेदी करायची असेल तर पैसे चाकांत घालावेत, म्हणजे टायर, रिम आणि हबमध्ये (चाकाच्या मध्यातल्या फिरत्या भागात), आणि मग चाकं फिरवणाऱ्या व थांबवणाऱ्या भागांत. चाकापासून लांब असलेलं सामान साधं असलं तरी चालतं. काही गोष्टी तर नसलेल्याच बऱ्या.

टायर एवढा रुंद कशासाठी

हवा कमी ठेवता यावी म्हणून. टायरमधल्या हवेचा दाब जेवढा, जवळपास तेवढ्याच दाबाने टायर जमिनीवर टेकतो. चालवणारा ७० किलोचा आणि सायकल २० किलोची धरली तर जमिनीवर भार पडतो ९० किलोंचा. साध्या माउंटन बाईकच्या टायरमध्ये ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला ३५ पाउंड) हवा असेल, तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकलेला भाग येतो ३६-३७ चौरस सेंटिमीटर. फॅट टायरमध्ये ७ पीएसआय ठेवली की तोच भाग १८० चौरस सेंटिमीटरच्या वर जातो. भार पाचपट जागेवर पसरतो आणि चाक रुतत नाही. अरुंद टायरमध्ये ७ पीएसआय ठेवली तर पहिल्याच दगडावर रिम आपटेल. ती आपटू नये म्हणून टायरला उंची लागते, उंचीसोबत रुंदी येते आणि रुंदीमुळे सायकलचा प्रत्येक भाग बदलतो.

या चाकांचा जन्म अलास्कातल्या बर्फावर आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळूत झाला. तिथे १९८० आणि ९० च्या दशकांत हौशी कारागीर दोन रिम जोडून किंवा रुंद रिम घडवून प्रयोग करत होते. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकी कंपनीने पग्स्ली ही सायकल ६५ मिमी रुंद रिम आणि ३.७ इंची टायर लावून विकायला काढली, आणि तिथून फॅट बाईक दुकानात आली. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक मोठ्यांच्या फॅट बाईक २६ × ४.० मापाच्या असतात. टायरच्या कडेला छापलेल्या मापात ५५९ हा आकडा दिसला म्हणजे तो खराखुरा २६ इंची. पुढे सुटा टायर मागवताना हाच आकडा जुळवायचा.

तुमची जमीन कुठली?

खरेदीआधी हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण फॅट बाईक सगळीकडे सारखी चालत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर, ओहोटीनंतर पाणी उतरलेल्या ओल्या घट्ट पुळणीवर तिला तोड नाही. गुहागर, काशीद, हर्णै-मुरुड किंवा गोव्यातल्या मोरजीसारखा लांब किनारा असेल तर चार इंची टायर मजेत पळतो. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी भुसभुशीत वाळू मात्र फॅट बाईकलाही दमवते. तिथे ५ पीएसआयवर जाता येतं, पण पायांत दम लागतो. मुरमाचे रस्ते, पाटालगतच्या वाटा, खडी उखडलेले जंगलखात्याचे रस्ते, पाणंदी हे तिचं रोजचं मैदान. सैल खडीवर साधी सायकल घसरते तिथे ही शांतपणे जाते. जांभ्याच्या सड्यावरही पकड चांगली मिळते, फक्त जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि कमी हवेचा टायर बाजूने कापला जाऊ शकतो.

घाटावरची काळी माती हा तिचा खरा शत्रू. रुंद टायर चिखलात चालतो असा समज आहे. पहिल्या पावसानंतरच्या काळ्या मातीत तो चालत नाही. माती थरावर थर चिकटते, टायर आणि फ्रेममधली मोकळी जागा भरते आणि शंभर-दोनशे मीटरमध्ये चाक जाम होतं. टायर रुंद तेवढी माती जास्त. २० किलोची सायकल मग खांद्यावर घ्यावी लागते. काळ्या रानातून जायचं असेल तर पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडू द्यावं. शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर वाचवत नाही.

आणि रोजच्या फेरीत पाच-सात किलोमीटर डांबर, मग एखादी टेकडी असं असेल तर प्रामाणिक सल्ला वेगळा आहे. त्याच पैशांत २९ इंची, सव्वादोन-अडीच इंच टायरची साधी माउंटन बाईक घ्या. ती चार-पाच किलोंनी हलकी मिळेल, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील आणि टेकडी चढताना शिव्या कमी निघतील. वाळू, सैल खडी आणि सावकाश, आरामात भटकणं यांपैकी काहीतरी हवं असेल तरच फॅट बाईकचं ओझं परवडतं.

किती पैशांत काय येतं

ढोबळ मानाने सांगायचं तर दहा-पंधरा हजारांत स्टीलची फ्रेम, बिनगिअरची किंवा २१ गिअरची, १९ ते २२ किलोंची सायकल मिळते. अठरा ते तीस हजारांत अॅल्युमिनियमची फ्रेम, थोडे बरे गिअर, कधीकधी कॅसेटचं मागचं हब (त्याबद्दल पुढे) मिळतं. वजन १६ ते १८ किलो. पन्नास हजारांच्या पुढे हायड्रॉलिक ब्रेक, हलके टायर, थ्रू अॅक्सल (चाकाच्या मधून आरपार जाणारा जाड दांडा) अशा गोष्टी सुरू होतात. वाटांवर नियमित जायचं असेल तर मधला गट बघावा. खालच्या गटातली सायकल सोसायटीत आणि पुळणीवर सुट्टीपुरती ठीक आहे.

चाक नीट पाहायचं म्हणजे काय पाहायचं

टायरपासून सुरुवात करू. त्याच्या कडेला टीपीआय हा आकडा असतो, म्हणजे टायरच्या कापडात एका इंचात किती धागे आहेत. स्वस्त टायर २७ किंवा ३० टीपीआयचा, तारेच्या कडेचा असतो आणि एकेकाचं वजन पावणेदोन-दोन किलोंच्या घरात जातं. ६० किंवा १२० टीपीआयचा घडी होणारा टायर चारपाचशे ग्रॅमने हलका आणि मऊ असतो, शिवाय कमी हवेवर दगडाभोवती लवचिकपणे बसतो. फॅट बाईकच्या ट्यूबचंच वजन अर्धा किलोच्या आसपास असतं. टायर, ट्यूब, रिम, तारा, हब सगळं धरलं की स्वस्त सायकलचं एक चाक चार किलोंपर्यंत जातं आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक चढाला ते फिरवायचं असतं. म्हणून टायर किंवा ट्यूबमधले अर्धा किलो वाचले तर ते फ्रेममधल्या अर्ध्या किलोपेक्षा पायांना जास्त जाणवतात. ट्यूब हलकी करायची स्वस्त युक्ती बरेच जण वापरतात: २६ × २.५ किंवा २.७ ची ट्यूब चार इंची टायरमध्ये घालायची. ती ताणून बसते, हवेचा दाब कमीच असल्याने चालते, फक्त ताणल्यामुळे पातळ होते आणि काटा लवकर लागतो. बाभूळ-बोरीच्या रानात ही युक्ती नको.

रिम चार इंची टायरला ६५ ते ८० मिमी रुंद हवी. ती एकेरी पत्र्याची आहे की दुहेरी, हे दुकानदाराला विचारा. वजन वाचवायला रिमला मधे भोकं पाडलेली असतात आणि त्यांतून रंगीत पट्टी दिसते. ती पट्टी शोभेची नाही. ट्यूब भोकांतून बाहेर येऊ नये म्हणून ती असते. पट्टी पातळ असेल तर भोकाभोकातून फुगवटे दिसतात. असं दिसलं तर आधी पट्टी बदला.

आता मागचं हब. वाटेवर अडकवणारे बिघाड इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. स्वस्त सायकलला मागे फ्रीव्हील असतो. दातेरी चकत्यांचा तो अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला असतो आणि हबचे छर्रे त्याच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे राहतात. परिणामी उजवीकडे अॅक्सलचा चारेक सेंटिमीटर तुकडा छर्र्यांच्या आधाराशिवाय लोंबतो. जड सायकल, जड स्वार, खड्ड्यात आपटणं, हे सगळं त्या दहा मिलिमीटर जाडीच्या तुकड्यावर येतं. अॅक्सल आधी वाकतो, मग एक दिवस तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे चकत्यांच्या खाली, फ्रेमच्या जवळ असतात. लोंबता तुकडा छोटा राहतो आणि अॅक्सल टिकतो.

दुकानात हे ओळखायला पाना लागत नाही. मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि अॅक्सलजवळच्या खाचा असलेल्या गोल कड्याकडे बघा. कडं चकत्यांबरोबर फिरलं तर कॅसेट. कडं जागचं हललं नाही आणि फक्त चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला हाच प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर फ्रीव्हीलच आहे असं धरून चाला. स्वाराचं वजन ८० किलोंच्या वर असेल आणि दगडी वाटांवर जायचं असेल, तर कॅसेटच्या हबसाठी तीन-चार हजार जास्त मोजणं हा या खरेदीतला सगळ्यात शहाणा खर्च आहे.

फ्रीव्हीलच असेल तर महिन्यातून एकदा मागचं चाक उचलून फिरवा. अॅक्सलची टोकं एका रेषेत न राहता डगडगताना दिसली, किंवा चाक फ्रेममध्ये कधी डावीकडे कधी उजवीकडे कलतंय असं वाटलं, तर अॅक्सल वाकलाय. फॅट बाईकचा अॅक्सल लांब असतो, नेहमीच्या दुकानात मिळत नाही. एक जास्तीचा आधीच मागवून ठेवावा.

सस्पेन्शन नको

टायर हेच सस्पेन्शन आहे. दहा पीएसआयला चार इंची टायर खड्ड्यावर दोन-तीन सेंटिमीटर दबतो. स्वस्त सायकलच्या पुढच्या शॉकमध्ये फक्त स्प्रिंग असते. तिची उसळी रोखणारं तेल नसतं. टायरही उसळतो, स्प्रिंगही उसळते आणि एका ठराविक वेगाला सायकल चेंडूसारखी नाचायला लागते. वर त्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी भागाचं) वजन तीन किलोंच्या घरात. मागचा शॉक असलेली स्वस्त फ्रेम तर सरळ टाळावी. चढावर पेडलला दिलेला जोर स्प्रिंग खाते आणि सांध्यांचे बुश सहा महिन्यांत खुळखुळायला लागतात. साधा, ताठ फोर्क असलेली सायकल दिसायला गरीब वाटते, पण त्याच किमतीत तिचं हब किंवा गिअर बरे असण्याची शक्यता जास्त.

गिअरचं गणित

बिनगिअरची फॅट बाईक स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. २६ × ४.० चं चाक बाहेरून जवळपास २९ इंची भरतं आणि एका फेऱ्यात सुमारे २.३ मीटर जातं. पुढे ३८ आणि मागे १८ दाते असतील तर पेडलचा एक फेरा म्हणजे जवळपास ४.९ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी साडेसतरा किलोमीटर वेग हवा. सपाट पुळणीवर हे जमतं. चढावर उतरून ढकलायचं.

२१ गिअरवाल्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चकती बहुधा २४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असते. म्हणजे एका फेऱ्याला दोन मीटरला थोडं कमी, ६० फेऱ्यांना ताशी सात किलोमीटर. ऐकायला हळू वाटतं. पण दहा टक्के चढावर ९० किलो भार या वेगाने न्यायला नुसत्या चढाईसाठीच १७० वॅट लागतात, माती आणि टायरचा विरोध वेगळा. नवख्याला १२०-१५० वॅट बराच वेळ टिकवणंही जड जातं. मग माणूस ४० फेऱ्यांवर येतो, गुडघ्यावर जोर टाकतो आणि चेन कुरकुरते. इथे स्वस्तातला उपाय म्हणजे मागे १४-३४ चा सात चकत्यांचा फ्रीव्हील लावणं. त्याने तोच चढ ताशी पावणेसहाच्या वेगाने, नुसत्या चढाईच्या १४० वॅटमध्ये चढता येतो. आधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते झेपवणारा आहे ना ते बघा. काही साधे डिरेलर २८ लाच थांबतात. चेनही दोन-चार कड्यांनी वाढवावी लागेल.

पुढे एकच ३० दात्यांची चकती आणि मागे ११-४२ ची कॅसेट असेल तर तोच हलका गिअर मिळतो. पुढचा डिरेलर आणि त्याच्या कुरबुरी दोन्ही जातात. नऊ गिअर पुरतात. “२१ गिअर” हा आकडा मोठा दिसतो, पण त्यातले बरेच एकमेकांवर पडतात. विचारायचं ते एवढंच: सगळ्यात हलका गिअर कोणता?

आणखी एक तपासणी इथेच उरका. पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती लावा आणि चेन टायरच्या कडेपासून किती लांब राहते ते पाहा. पाच मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर चाकाला जरासा आऊट (वाकडेपणा) आला की चेन रबर खायला लागेल.

ब्रेक

जड सायकल उतारावर थांबवायची म्हणजे ब्रेक महत्त्वाचे. पण स्वस्त गटात बहुतेक वायरवरचे डिस्क ब्रेकच मिळतात आणि ते नीट लावले तर चालतात. या ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो. आतला पॅड स्थिर असतो आणि तो डिस्कपासून लांब राहिला तर ब्रेक दाबल्यावर अख्खी डिस्क वाकते, लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. आतला पॅड स्क्रूने पुढे आणून एका व्हिजिटिंग कार्डच्या जाडीइतकी फट ठेवा, मग वायर ताणा. पॅडचा मसाला एक मिलिमीटरच्या खाली आला की बदला. पुळणीवर चालणाऱ्या सायकलचे पॅड फार लवकर झिजतात, कारण वाळू पॉलिश पेपरचं काम करते. घाटातले लांब उतार असतील तर पुढे १६० ऐवजी १८० मिमीची डिस्क आणि तिला लागणारा अॅडॉप्टर लावून घ्या. चेनवर फवारायचं तेल डिस्कवर उडालं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. ते पॅड मग पुसून सहसा सुधारत नाहीत.

फ्रेम आणि गुडघे

फ्रेम स्टीलची की अॅल्युमिनियमची यावर फार डोकं लढवू नका. घाटावर स्टील चालतं. किनाऱ्याजवळ राहत असाल तर अॅल्युमिनियम घ्या. माप बघणं जास्त गरजेचं आहे, कारण स्वस्त फॅट बाईक बहुधा एकाच मापाची येते. फ्रेमच्या वरच्या नळीवर दोन पाय टाकून उभं राहिल्यावर किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मग जांघेपासून तळव्यापर्यंतची लांबी मोजा आणि तिला ०.८८ ने गुणा. क्रँक (पेडल ज्यावर बसतं तो दांडा) ज्याभोवती फिरतो त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढं अंतर लागतं. सीटचा दांडा त्याच्यावर छापलेल्या खुणेपर्यंत वर काढूनही हे अंतर भरत नसेल तर सायकल छोटी आहे किंवा लांब दांडा घ्यावा लागेल. खूण ओलांडून दांडा वर काढला तर फ्रेमची नळी चिरते.

रुंद टायरला जागा द्यायची म्हणून क्रँकमधली नळी फॅट बाईकवर १०० मिमीची असते. नेहमीच्या माउंटन बाईकवर ती ६८ किंवा ७३ मिमीची. त्यामुळे दोन पेडलांमधलं अंतर तीनेक सेंटिमीटरने वाढतं. बऱ्याच जणांना काही जाणवत नाही. पण गुडघ्याचं आधीच दुखणं असेल तर दुकानासमोर दोन चकरा मारून कळणार नाही. कुणाकडून तरी मागून घ्या, अर्धा-पाऊण तास चालवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय म्हणतात ते पाहा.

खोक्यातून निघालेली सायकल

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते आणि उरलेली जोडणी घरी होते. इथे होणारी सगळ्यात हमखास चूक म्हणजे फोर्क उलटा राहणं. खोक्यात बसवायला हँडल वळवलेलं असतं. सरळ करताना फोर्क अर्धा फेरा फिरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखायचं कसं? सायकलवर बसल्यावर पुढची डिस्क तुमच्या डाव्या हाताला असली पाहिजे. ती उजवीकडे दिसली तर फोर्क उलटा आहे. अशा सायकलचं हँडल वळवळतं, वळताना बूट पुढच्या टायरला घासतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर काय होईल ते सांगायला नको.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलवर एल आणि आर असं लिहिलेलं असतं. आधी तीन-चार फेरे हातानेच बसवा, सहज जात नसेल तर पान्याने रेटू नका. अॅल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे एकदा गेले की क्रँकच बदलावा लागतो. क्रँकचे बोल्ट ३५ ते ४० न्यूटन मीटर आवळायचे, म्हणजे फूटभर लांबीच्या पान्यावर चांगलाच जोर. हँडल धरणाऱ्या स्टेमचे पाच-सहाच. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा. सैल क्रँक चालवला तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही.

कारखान्यातून हबमध्ये ग्रीस बेताचंच येतं. चाक उचलून हलकेच फिरवा. थांबताना त्याने जड बाजू खाली घेऊन थोडं मागे-पुढे झुलत थांबायला हवं. मधेच खटकन थांबलं तर छर्रे जास्त आवळलेत. बाजूला हलवून टकटक वाजलं तर सैल आहेत. नेहमीच्या मेकॅनिककडून हब उघडून ग्रीस भरून घ्या आणि त्याच वेळी तारा एकसारख्या ताणून चाकांचा आऊट काढून घ्या. दोन-अडीचशे किलोमीटरनंतर तारा पुन्हा बसतात, तेव्हा आणखी एकदा. मेकॅनिककडे जाण्याआधी त्याच्या स्टँडमध्ये एवढं रुंद हब मावतं का ते विचारून घ्या.

हवा

पेट्रोल पंपावर हवा भरू नका. तिथला मुलगा मोटरसायकलच्या अंदाजाने ३० ते ४० पीएसआय भरून देतो. बऱ्याच फॅट टायरची मर्यादा २० ते ३० असते आणि ती टायरच्या कडेला लिहिलेली असते. त्यापुढे टायर रिमवरून उडतो किंवा ट्यूब भोकांतून फुटते. हातपंप वापरा आणि ० ते १५ किंवा ० ते ३० पीएसआयचा छोटा गेज घ्या. १६० पर्यंत आकडे असलेल्या पंपाच्या घड्याळात ८ आणि १२ मधला फरक दिसतच नाही. इथे एका पीएसआयने सायकलचा स्वभाव बदलतो.

७० किलोंच्या स्वाराने मुरमाच्या वाटेला पुढे १०, मागे १२ पासून सुरुवात करावी. डांबरावर १५ ते १८. ओल्या पुळणीवर ७-८, सैल वाळूत ५. दर दहा किलो जास्त वजनाला एखादा पीएसआय वाढवा. सायकल दगडांवर टप्पे खात असेल तर हवा जास्त आहे. वळताना हँडल आपोआप आत ओढलं जात असेल किंवा दगडावर रिमचा ठोका ऐकू आला तर कमी आहे. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर टायर रिमवर सरकतोय. तेव्हाही हवा वाढवा आणि व्हॉल्व्ह सरळ करा, नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते. तिथे पॅच बसत नाही.

एवढ्या कमी दाबाला ऊन आणि उंचीही हिशोबात धरावी लागते. सकाळी २५ अंशांना १० पीएसआय भरलेला टायर बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला तर १३ च्या जवळ जातो. समुद्रकिनाऱ्यावर ६ पीएसआय ठेवून गाडीने साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला गेलात, तर बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे गेज ८ दाखवेल. पंक्चर नसताना हवा “आपोआप वाढली” ती अशी.

काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घालता येतं. एका चार इंची ट्यूबला १२० ते १५० मिली लागतं. मात्र व्हॉल्व्हची आतली पिन काढता आली पाहिजे. आपल्याकडे फॅट बाईकला बहुधा मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन निघते. सीलंट उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं.

समुद्रावरून आल्यावर

खारं पाणी आणि बारीक वाळू दोन्ही एकदम आत शिरतात. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, साध्या नळीने. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाणी हब आणि क्रँकच्या छर्र्यांत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाका, वरचं तेल पुसून काढा, कारण ओल्या चेनवर वाळू बसते. चाकं लाटेत घालायचा मोह टाळा. सीटचा दांडा बाहेर काढून त्याला वर्षातून दोनदा ग्रीस लावा. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा दांडा खाऱ्या हवेत अडकून बसतो आणि मग तो कापूनच काढावा लागतो.

हे सगळं जुनी सायकल घेतानाही उपयोगी पडतं. फॅट बाईक हौसेने घेतली जाते आणि गॅलरीत उभी राहते, त्यामुळे फारशी न चाललेली सायकल अर्ध्या किमतीत मिळू शकते. ती किनाऱ्याजवळच्या घरातली असेल तर आधी सीटचा दांडा हलतो का ते पाहा, मग क्रँक फिरवून खरखर ऐका, तारांच्या टोकांशी पांढरी पूड किंवा गंज दिसतो का बघा. टायरच्या कडांना बारीक भेगा असतील तर दोन नवे टायर आणि ट्यूब यांचे पाच-सात हजार किमतीतून वजा करून बोलणी सुरू करा.